नरोटी

मास्तरकीच्या धंद्यात वरकड मिळकत नसते, असा लोकांचा समज आहे. तो तितकासा खरा नाही. जुने विद्यार्थी काही ना काही पाठवीत राहतात. पूर्वी लग्नपत्रिका येत, बारशाचे पेढे येत. एका पठ्ठ्याने तर शेतातल्या भुईमुगाच्या शेंगांचे पोते एस. टी.च्या टपावर घालून पाठविले होते आणि ते उतरवून घ्यायला मला हेळवाकच्या थांब्यावर भर पावसात तासभर उभे राहावे लागले होते. आता टपावरचे पोते गेले आणि हातात फोन आला. त्यातून सकाळी गुलाबाची फुले येतात, सुविचार येतात, आणि ज्यांना मी शुद्धलेखनासाठी वर्षानुवर्षे रागावले त्यांची अशुद्ध लेखनाने भरलेली गुरुपौर्णिमेची वंदने येतात. मी ती वाचते, मनात लाल शाईने दुरुस्त करते आणि पुसून टाकते. तेव्हा यंदा जुलैत एका माजी विद्यार्थ्याने चार मिनिटे दहा सेकंदांची चित्रफीत पाठवून खाली ‘मॅडम, श्वासवर केलंय, बघा आणि सांगा’ असे लिहिले, आणि मी ती उघडलीही नाही, तर त्यात नवल नव्हते.

शिवाय कोयनानगरात जुलै हा फोनचाही पडता काळ असतो. इथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुनी माणसे अजून दोनशे इंच म्हणतात, आणि दोनशे इंच म्हटले की तो मला अधिक ओला वाटतो. वारा सुटला की वीज जाते. धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची वीज जाते हे बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगितले की ते हसतात. आम्हांला आता हसू येत नाही. विजेमागोमाग फोनची रेंज जाते, आणि ती परत आली की दोन-तीन दिवसांचे तुंबलेले सारे एकदम अंगावर येते. त्यात त्याचा दुसरा निरोप होता : ‘बघितलं का मॅडम?’

हा मुलगा असा पाठीस लागणारा नव्हे. वर्गात तो तीन वर्षे शेवटून दुसऱ्या बाकावर बसला, आणि तीन वर्षांत त्याने मला दोन प्रश्न विचारले. दोन्ही चांगले होते. आता तो नवी मुंबईत, लग्नसमारंभाच्या चित्रफिती कापून-जोडून देणाऱ्या एका दुकानात काम करतो. त्याचे नाव मी इथे देत नाही. त्याची वाडी कोयनेच्या खोऱ्यात, धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. दुसरा निरोप आला तेव्हा मी चष्मा पुसून बसले.

पण आधी ‘श्वास’विषयी. ज्यांनी तो पाहिला नाही असे मराठी वाचक थोडेच असतील. तरी वीस वर्षे उलटून गेली आहेत आणि माझ्या वर्गातली मुले त्याच्यानंतर जन्मलेली आहेत, म्हणून सांगते. संदीप सावंत यांचा हा चित्रपट २००४ साली आला. कोकणातले एक आजोबा नातवाला डोळे दाखवायला शहरात घेऊन येतात. पोराच्या डोळ्यांत कर्करोग निघतो. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार, असे डॉक्टर सांगतात. आणि शस्त्रक्रियेआधी हे त्या मुलाला कळलेच पाहिजे, असाही त्यांचा आग्रह असतो. ते कोणी सांगायचे, कोणत्या शब्दांत सांगायचे, यातच अर्धा चित्रपट जातो. मग शस्त्रक्रियेच्या तोंडावर आजोबा आणि नातू रुग्णालयातून नाहीसे होतात. सगळीकडे धावाधाव होते. ते पळून गेलेले नसतात. दिसते आहे तोवर पोराने जग पाहून घ्यावे म्हणून म्हातारा त्याला शहर दाखवायला घेऊन गेलेला असतो. अरुण नलावडे यांचे आजोबा आणि अश्विन चितळे या मुलाचा परशुराम ज्याने पाहिला त्याला पुढे काही सांगायला नको. ‘श्यामची आई’ला मिळालेल्या राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकानंतर पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचा मान मराठीकडे आला तो याच्यामुळे. त्या वर्षी तो ऑस्करसाठी देशातर्फे पाठविला गेला तेव्हा तिकडच्या खर्चासाठी लोकांनी वर्गण्या काढल्या. आमच्याकडेही एक पत्र्याचा डबा फिरला होता. मी नुकतीच नोकरीला लागले होते, त्यात वीस रुपये टाकले होते, आणि तेव्हापासून त्या चित्रपटात माझा वीस रुपयांचा भाग आहे असे मी समजते.

त्या चित्रपटातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्यातले गप्प राहणे. भास्कर चंदावरकरांचे संगीत आहे, पण ते जागा अडवून बसत नाही. कोणी झाडाआडून गात नाही. आजोबांना रडू येते तेव्हा सारंगी त्यांच्या मदतीला धावून येत नाही. त्यांचे त्यांनाच निस्तरावे लागते. माझ्या मनात तो गाण्यावाचूनचा चित्रपट आहे आणि तसाच तो राहावा असे मला वाटते.

तो मी पाहिला कराडला, वडिलांबरोबर. अप्पा दहा वर्षांचे असताना, १९५६ साली, कोयनानगरला आले. आमचे आजोबा धरणाच्या कामावर मोजणीदाराच्या हाताखाली होते. पुढे अप्पाही प्रकल्पावरच चिकटले. एकूण आमच्या घरच्या तीन पिढ्यांनी या धरणाचे अन्न खाल्ले आहे, हे मी लपवीत नाही. चित्रपट सुटल्यावर आम्ही परतीच्या गाडीत बसलो. अप्पा मल्हारपेठ येईपर्यंत काही बोलले नाहीत. मग खिडकीकडे बघत म्हणाले, ‘गावातल्या घरांची मापं घ्यायला वडील जायचे ना, तेव्हा फितीचं टोक धरायला मी जायचो. एका घरात एक म्हातारी भिंतीवरून हात फिरवीत चालली होती. आंधळ्यासारखी. डोळे चांगले होते तिचे.’ एवढेच. पाटण आले, हेळवाक आले, ते पुढे काही बोलले नाहीत. (ज्या क्वार्टरात बसून आजोबांनी त्या मापांचे तक्ते लिहिले, ते क्वार्टर ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात जमीनदोस्त झाले. त्या पहाटे या भागात पावणेदोनशे-दोनशे माणसे गेली. आमची वाचली, अप्पा त्या रात्री गव्हाच्या पोत्यांच्या आडोशाला झोपले होते म्हणून.)

आता त्या चित्रफितीकडे येते.

सुरुवातीला काळा पडदा आणि जात्याची घरघर. ती ऐकून मी जरा सावरून बसले, कारण जात्याचा आवाज खोटा करता येत नाही आणि हा खरा होता. मग एका म्हातारीचा आवाज, थोडा घोगरा, ओवी म्हणणारा. आणि त्या आवाजावर ‘श्वास’मधले आजोबा. नातवाचा हात धरलेले, रस्त्याच्या कडेला थबकलेले. त्यांच्यामागे एकदम दुसरेच चित्र : मे महिन्यातला शिवाजीसागर, पाणी खाली गेलेले, भेगाळलेला गाळ, आणि त्यातून वर आलेली घरांची जोती. एक उंबऱ्याचा दगड. त्या दगडावरून जाणारी दोन अनवाणी म्हातारी पावले. पुन्हा परशुराम. पुन्हा पाणी. म्हातारी ओवीत माहेरच्या वाटेला विचारते आहे, विहिरीला विचारते आहे, पाणवठ्याच्या उंबराला विचारते आहे, की माझ्या भावाला तुम्ही कुठे ठेवले. शेवटी पिवळ्या अक्षरांत ‘आजीस अपर्ण’.

‘अर्पण’मधला रफार तीन वर्षे शिकवूनही जागेवर बसला नव्हता, याचा राग मला आधी आला. खरा राग त्याच्यामागून आला. त्याने आजोबांचा चेहरा संथ केला होता. लग्नाच्या चित्रफितीत नवरी वरमाला घालते तेव्हा ती जशी पाण्याखाली गेल्यासारखी हळूहळू हात उचलते, तसे अरुण नलावडे पापणी मिटत होते. एका नटाने मोजून मिटलेली पापणी! ती त्याने मोजली तेवढ्याच वेळात मिटली पाहिजे. आणि गाणे? ज्या म्हाताऱ्याच्या तोंडून शब्द फुटत नाही हाच चित्रपटाचा सारा कस, त्याच्या डोक्यावर हे गाणे आणून ठेवायचे?

मराठी शिकविणाऱ्या माणसाला अशा वेळी एकनाथ आठवले नाहीत तरच आश्चर्य. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. तीनशे वर्षांत हौशी लोकांनी आणि नकलाकारांनी त्या ग्रंथात काय काय भरले होते ते त्यांनी निवडून बाजूला काढले. आणि काम संपल्यावर बजावले, की यापुढे जो कोणी या ग्रंथात आपली ओवी करून घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेविली असे समजावे. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी करवंटी. हा दृष्टांत मी दरवर्षी शिकविते आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारते, ‘मॅडम, अमृत घ्यायला करवंटी चालेल की!’ त्यावर सगळा वर्ग हसतो. त्याला तीन वर्षांत विचारलेल्या दोन प्रश्नांपैकी एक नेमका याच तासाला सुचला होता. तो म्हणाला, ‘पण मॅडम, ज्ञानेश्वरी तरी गीतेवरच केलेली आहे ना?’

मी तेव्हा दिलेले उत्तर मला आजही पटते. ज्ञानदेवांनी गीतेत घुसविले काही नाही. गीता सातशे श्लोकांची होती तशीच राहिली. त्यांनी आपल्या नऊ हजार ओव्या शेजारी मांडल्या. नाथांनीही दुसऱ्याची रामकथा घेतली आणि आपले भावार्थरामायण केले. ते अपुरे राहिले तर गावबाने पुरे केले, असे परंपरा सांगते. दुसऱ्याच्या ग्रंथाला उत्तर म्हणून आपला ग्रंथ लिहायला आपल्याकडे कधीच बंदी नव्हती. नाथांचा राग होता तो पोथीच्या आत हात घालणाऱ्यावर.

मग ही चार मिनिटांची फीत शेजारी मांडलेली म्हणायची की आत घातलेली? मूळ चित्रपट कुठे बिघडला? तो आहे तसाच आहे. पण त्यातली चित्रे उचलून, त्यांची चाल बदलून, त्यांत आपली चित्रे मिसळली, तर ती पाहणाऱ्या नव्या मुलाला कोणते सावंतांचे आणि कोणते याचे हे कसे कळावे? मला हा विचार दोन दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी मूकपट आठवले. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्रा’पासून पुढे जवळजवळ वीस वर्षे, ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागेपर्यंत, आपल्या बापजाद्यांनी जे चित्रपट पाहिले त्यांचे गाणे पडद्याखाली बसलेल्या पेटीवाल्याच्या आणि तबलजीच्या हाती होते. बाबूराव पेंटरांचा मूकपट कोल्हापुरात एका सुरात दिसला असेल आणि साताऱ्यात दुसऱ्या. पेटीवाल्याला जे येत होते ते तो वाजवी. त्याला कोणी नरोटी म्हटले नाही. उलट तो बरा वाजवीत असला तर लोक त्याच्यासाठी तिकीट काढीत. तेव्हा चित्र एकाचे आणि सूर दुसऱ्याचा, यात निदान नवे पाप काही नाही.

आणि मग ती ओवी. शब्द एकच, पण ज्ञानदेवांची ओवी निराळी आणि जात्यावरची निराळी. पोथीतल्या ओवीला राखण लागते. जात्यावरच्या ओवीला धनीच नाही. सासूने म्हटलेली ओवी सून घेते, तीत भावाचे नाव बदलते, गावाचे नाव बदलते, एखादा चरण आपला घालते, आणि पुढच्या घरी देते. जी बाई नवा चरण घालीत नाही ती नुसते दळण दळते. साने गुरुजींनी अशा ओव्या गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांतल्या पुष्कळ आता मूळ बायांच्या आवाजात कोणालाही ऐकता येतात. आणि त्या लाखभर ओव्यांत किती बायांनी एकमेकींचे चरण उचलले असतील त्याचा हिशेब कोणी मागितलेला नाही. हा मुलगा जात्याच्या घरात वाढला. त्याने चित्रपटाला पोथी न मानता ओवी मानले. त्याला वाटले, परशुरामाच्या जागी माझी आजी घालावी.

तरीही ती संथ पापणी मला पटली नाही, आणि तसे मी त्याला कळविले. रफाराचेही कळविले. एक जागा मात्र फार चांगली साधली आहे, असेही लिहिले : रुग्णालयाच्या जिन्यात आजोबा बसलेले असतात तिथे त्याने ओवी थांबविली होती आणि नुसते जाते फिरत ठेवले होते. रिकामे जाते. पीठ पडत असले की घरघर जड येते; ही हलकी होती.

त्याचे उत्तर लगेच आले. ते जाते रिकामेच होते. दळण आता कोण दळतो? पण हातात खुंटा असल्याशिवाय आजीला ओवी आठवत नाही, म्हणून त्याने ते कोपऱ्यातून ओढून काढले होते. आणि खाली खरा प्रश्न : ‘मॅडम, हे लोकांसाठी टाकू का?’

आता हा प्रश्न रसिकतेचा राहिला नाही. १९५७ च्या कॉपीराइटच्या कायद्याप्रमाणे चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षे टिकतो. घरी बसून पाहायला, समीक्षा करायला तो कायदा थोडी मोकळीक देतो; ‘मला फार आवडला म्हणून घेतला’ याला देत नाही. प्रेम हे उसनवारीचे कारण होऊ शकते, पण ती उसनवारीच. आणि ज्यांचा चित्रपट ते कोणी गडगंज कारखानदार नव्हेत. ज्यांच्यासाठी डबे फिरवावे लागले तीच माणसे. हे सगळे मी त्याला लिहिले. शेवटी लिहिले, ‘आणि आजीला विचारलंस का? आवाज तिचा आहे.’

दिवसभर उत्तर नाही. रात्री आले : ‘नाही.’

गौरी-गणपतीच्या सुटीत तो गावी आला आणि मला बोलावणे आले. गौरी जेवतात त्या दिवशी मी गेले. कोयनानगरपासून वडापची जीप जाते तिथवर गेले, पुढे दोन-अडीच मैल चालत. पावसाची उघडीप होती, पण वाट निसरडी, आणि जळवांना उघडीप कळत नाही. एका वळणावर खाली सगळा शिवाजीसागर दिसला, तुडुंब भरलेला. माझा या पाण्याशी जन्माचा घरोबा आहे, पण वरून, त्या बाजूने, मी ते कधी पाहिले नव्हते. आमच्याकडून भिंत दिसते. तिकडून दिसते ते नुसते पाणी.

म्हातारीचे माहेर त्या पाण्याखाली. १९६१-६२ च्या सुमारास धरणात पाणी अडू लागले तेव्हा ती दहा वर्षांची होती. खोऱ्यातली पुष्कळ माणसे ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशी कुठे कुठे फेकली गेली. काही डोंगराच्या अंगाने वर सरकली. तिचे वडील वर सरकले. पुढे तिचे लग्न झाले ते शेजारच्या वाडीत, आणि नवरा मुंबईला माथाडी. सासरी नांदणाऱ्या पोरीला माहेरच्या ओव्या म्हणायच्या असतात. हिने त्या म्हटल्या. फक्त वाट, विहीर आणि उंबर खाली पाण्यात होते. २०१८ साली कोयनानगरात धरणग्रस्त ठिय्या देऊन बसले तेव्हा ही म्हातारी त्यांत होती, असे नातवाने सांगितले. म्हणजे मी रोज कॉलेजला जाताना तिच्या समोरून गेले असणार.

‘या बाई, बसा. पाय धुवा आदी, रगात निघालंय,’ ती म्हणाली. पायाला जळू लागली होती ती मलाही दिसली नव्हती. गौरीपुढे सुवासिनींची ये-जा चालली होती. पुरणपोळीचे जेवण झाले. मग नातवाने फोन भांड्याला टेकवून तिच्या पुढ्यात ठेवला आणि स्वतः दारात जाऊन उभा राहिला. तो घाबरला होता हे मला त्याच्या पाठीवरून कळत होते.

म्हातारीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. तिने फोन जवळ घेतला. स्वतःचा आवाज सुरू झाला तेव्हा एवढेच म्हणाली, ‘आवाज बसलाय.’ मग परशुराम दिसला.

‘कुनाचं पोर म्हनायचं ह्ये?’

मी गोष्ट सांगितली. जशी वर वाचकांना सांगितली तशीच, अधिक सोप्या शब्दांत. ती ऐकत होती, आणि चित्रफीत संपली की बोटाने खूण करून पुन्हा लावायला सांगत होती. तीनदा पाहिली. मग गप्प बसली.

‘हे म्हातारं त्याला काय काय दावतंय?’

‘शहर दाखवतंय, आजी. रस्ते, माणसं, गाड्या. सगळं.’

‘मग माझी ववी हितं कशाला घातली?’ ती दाराकडे वळून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ‘त्याच्या आज्यानं त्याला हाताला धरून समदं दावलं, आन मग डोळं गेलं. आमास्नी कुनी दावलं रं? आज न्हाय उंद्या म्हनत व्हते. बा लाकडं काढून वर न्हेत व्हता. आन एक दीस सकाळी पानीच. म्या मागारी वळून बी बघितलं न्हाय, वाटलं येऊ की परत. ही ववी न दावल्याची हाय. दावल्याली नव्हं.’

दारातली पाठ हलली नाही.

मी वीस-बावीस वर्षे वर्गात रसग्रहण शिकविते. औचित्यविचार म्हणून एक प्रकरण असते. क्षेमेंद्रापासून सुरुवात करून मी ते चार तासांत संपविते. त्यातले एकही वाक्य मला तेव्हा आठवले नाही. मी पापणीबद्दल बोलले होते, कायद्याबद्दल बोलले होते. या ओवीच्या आणि त्या चित्राच्या मध्ये जो पाट वाहत होता तो फक्त तिला दिसला होता.

‘पुसून टाकू का, आजी?’ त्याने विचारले.

‘पुसू नगं. पोरगं ग्वाड हाय. म्हातारं बी चांगलं हाय. त्याला मुकं राहू द्यात. त्याला बोलायचं न्हाय, तर म्या मधीच कशापायी वरडू?’ मग थोड्या वेळाने, ‘ते जोत्याचं, पान्याचं फोटू काढलंस, त्यावर ऱ्हाऊ दे माझं. ते माझंच हाय.’

त्याने तसे केले आहे. ‘श्वास’मधले एकही चित्र आता त्याच्या फितीत नाही. जोती आहेत, उंबऱ्याचा दगड आहे, पावले आहेत आणि ओव्या. ती दोन मिनिटांची झाली आहे आणि सगळीच्या सगळी त्यांच्या घरची आहे. मला विचाराल तर पहिलीत काही गोष्टी अशा होत्या ज्या या दुसरीत नाहीत. तो जिन्यातला थांबा राहून राहून आठवतो. पण माझ्या मताला तिथे कोणी विचारले नाही, आणि विचारायचे कारणही नव्हते.

ते पुढचे. त्या दिवशी गौरीपुढे मात्र गोष्ट तिथेच थांबली नाही. चहा झाला. गुळाचा, आले घातलेला. बायका हळदीकुंकू घेऊन पांगल्या. मी उठायच्या बेतात होते, पाच वाजले की वडाप मिळत नाही, तोच म्हातारीने विचारले,

‘आन मग त्यो साळंत जातो का?’

‘कोण?’

‘त्योच. परसराम.’

चित्रपट गावी परतण्यापाशी संपतो, पुढचे त्यात नाही, असे मी सांगितले. तिला ते चालले नाही. असे अर्ध्यावर सोडतात का कुणी, म्हणाली. मग तिने कोपऱ्यातले जाते पायाने जवळ ओढले, फडक्याने पुसले आणि खुंटा ठोकून घट्ट केला. पोराच्या नावाने एक ओवी बांधायची तिच्या मनात आले होते. तिने दोन फेरे घातले आणि थांबली.

‘त्याच्या आयचं नाव काय?’

मी नातवाकडे पाहिले, त्याने माझ्याकडे. त्याने हा चित्रपट तुकडे करून शंभरदा पाहिला होता, मी किती वर्षे डोक्यात घेऊन हिंडते आहे.

‘आयचं नाव नगं का?’ म्हातारी म्हणाली. ‘ववी आयला सांगायची असती. पोराला थोडीच सांगत्यात?’

वाडीत रेंज नाही. घरामागे चढावर एक मोठा धोंडा आहे, त्यावर उभे राहिले तर कधी कधी एक रेघ मिळते. तो फोन घेऊन त्या धोंड्यावर चढला. पाऊस पुन्हा सुरू झाला होता. आम्ही दोघी जात्यापाशी बसून होतो, आणि दारातून तो दिसत होता, एक हात वर केलेला.